यष्टीनं आलेली शाळा

मोठ्या बाई कुणाच्याही घरी जाताना स्वतःची खुर्ची घेऊन जात. लोखंडी, घडीची, हिरव्या पट्ट्यांची. लुनाच्या पुढच्या मोकळ्या जागेत ती उभी ठेवलेली असायची आणि तिच्यामागं बाई बसलेल्या असायच्या. बाई अंगानं एवढ्याशा. त्यामुळं लांबून बघणाऱ्याला एक खुर्ची आपली आपण रस्त्यानं येते आहे असं वाटायचं. मी त्या शाळेत विज्ञान शिकवायला रुजू झालो त्या सकाळी मलाही तसंच वाटलं. खुर्ची फाटकापाशी थांबली, मागून जाड चष्म्याची एक बाई उतरली आणि म्हणाली, "पावणं, कुणाकडं आलासा?"

"मी नवीन शिक्षक."

"मग पावणं कसलं? धरा खुर्ची."

त्या आमच्या मुख्याध्यापिका. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. शाळा सरकारी, आठवी ते दहावी, उचगावच्या बाजूला, जिथं कोल्हापूर संपलं असं कोल्हापूरकर म्हणतात आणि अजून सुरू झालं नाही असं तिथले लोक म्हणतात तिथं. शाळेला इतिहास होता, इमारत नव्हती. पहिल्यांदा ती देवळाच्या मंडपात भरायची. लग्नसराई आली तशी तिथून उठली आणि एका बंद पडलेल्या पोल्ट्रीत गेली. पोल्ट्रीच्या मालकानं पुन्हा कोंबड्या आणल्या, तेव्हा गुळाच्या जुन्या गोदामात आली. मी गेलो तेव्हा ती गोदामात होती. भिंतींना अजून गुळाचा वास होता आणि उन्हाळ्यात मुंगळे खडूच्या पेट्यांपर्यंत यायचे.

हा इतिहास बाई दर पंधरा ऑगस्टला भाषणात सांगत. भाषण दरवर्षी तेच. शेवटही तोच. "पोल्ट्रीत तुमच्या आधी कोंबड्या होत्या. त्या वेळेवर उठत होत्या. जय हिंद."

बाई गडहिंग्लजच्या पुढच्या, सीमेकडच्या. बायकांना अक्का म्हणायच्या, बाप्यांना अण्णा. वर्गात भूमिती शिकवताना पुस्तकातलं मराठी बोलायच्या, इतकं शुद्ध की मुलं दबून बसत. वर्गाच्या बाहेर पाऊल टाकलं की आपल्या बोलीत यायच्या. आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात, तसंच त्याही म्हणत. त्यांच्या तोंडी सगळ्यात जास्त असायचं ते वाक्य म्हणजे "मी बसतो."

फळ्यावर सुविचार लिहायला त्यांनी बंदी घातली होती. "कोण वागतंय त्याप्रमाणं? लिहिणारा तरी वागतोय काय?" सुविचाराच्या चौकटीत त्या स्वतः उपयोगाचं काही लिहायच्या. 'आज पाणी नाही. घरून पिऊन यावे.' 'मागच्या पत्र्यावर माकड आहे. त्याच्याशी बोलू नये.' तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा विचारलं की मुलांच्या मनावर यातून कोणता संस्कार होतो. बाई म्हणाल्या, "माकड चावत न्हाई."

आता बसण्याबद्दल. एखादं पोर शाळेत यायचं बंद झालं की बाई चार दिवस वाट बघत आणि पाचव्या दिवशी खुर्ची घेऊन त्याच्या घरी जात. खुर्ची स्वतःची का, याचंही कारण होतं. "आपण गेलो की माणसं खुर्ची आणायला शेजारी पळत्यात. तेवढ्यात पोरगं मागच्या दारानं जातंय." तिथं जाऊन त्या भांडत नसत, समजावतही नसत. बसत. सोबत तपासायचे पेपर असत. शाळा सोडणं सोपं असतं म्हणून पोरं सोडतात, ते जरा अवघड करून ठेवायचं, एवढंच त्यांचं शिक्षणशास्त्र होतं. शाळेत फोन आला की आमचा क्लार्क सरळ सांगायचा, "मोठ्या बाई बसल्यात." पलीकडचा माणूस पुढं काही विचारत नसे.

मी पाहिलेलं पहिलं बसणं एका गॅरेजमधलं. नववीतला एक मुलगा तिथं कामाला लागला होता. मालकानं विचारलं, "बाई, गाडी कुठली?"

"गाडी न्हाई. पोरगं न्यायला आलोय."

"पोरगं कामावर हाय."

"मग मी बसतो."

गॅरेजच्या तोंडाशी खुर्ची टाकून बाई चाचणीचे पेपर तपासत बसल्या. येणारं गिऱ्हाईक साहजिकच त्यांनाच विचारायचं. पहिल्या दिवशी त्यांनी मालकाकडं बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच दर सांगायला लागल्या, आणि त्यांना योग्य वाटेल तेवढाच सांगायच्या. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी गॅरेजवाला मुलाला स्कूटरवर घालून शाळेत हजर. "हे घ्या तुमचं. आन् तेवढे दर कुणाला सांगू नकासा बाई, गिऱ्हाईक मलाच शिव्या देतंय."

बसून फळलं नाही असं मी एकदाच पाहिलं. सुनंदाच्या वेळी.

सुनंदा दहावीत होती. मधल्या रांगेत बसायची, फारसं बोलायची नाही, पण तिच्या आकृत्या पुस्तकातल्या आकृत्यांपेक्षा नीट असायच्या. बाप फौंड्रीत मोल्डर, आई दुसऱ्यांच्या शेतात. दिवाळीच्या आधी कुणीतरी सांगितलं की पोरीचं लग्न ठरतंय. बाई त्याच संध्याकाळी गेल्या. मी खुर्ची धरायला होतो.

घर म्हणजे एकच खोली. त्यात आई, बाप, सुनंदाच्या पाठची पाच भावंडं आणि मधोमध बाई. बाप अतिशय नम्र माणूस. बाई म्हणाल्या, "अण्णा, पोरगी सोळाची पण न्हाई." तो म्हणाला, "तुमचं बरोबर हाय बाई." बाई म्हणाल्या, "दहावी तर हुंद्या." तो म्हणाला, "व्हय की, हुंद्या की." बाई म्हणाल्या, "कायद्यात बसत न्हाई हे." तो म्हणाला, "बसत न्हाईच." दोन संध्याकाळी असंच चाललं. सुनंदा खुर्चीला वळसा घालून चुलीकडं जायची, भाकऱ्या करायची, भावंडांना वाढायची. माणूस भांडला असता तर बाईंनी बसून त्याला घाम फोडला असता. पण हा सगळ्यालाच हो म्हणत होता. बाई उठल्या आणि जिंकल्याच्या समजुतीत घरी गेल्या.

दिवाळीच्या सुट्टीत लग्न झालं. शाळा उघडली तेव्हा सुनंदा शाहूवाडीकडं, मलकापूरच्या पुढच्या एका खेड्यात नांदत होती.

आमचे इंग्रजीचे कांबळे सर म्हणाले, पोलिसांत जाऊ. ते तसं करणारे होते. वस्तीतली अशी दोन लग्नं त्यांनी स्वतः उभं राहून मोडली होती. बाईंनी बराच विचार केला. "लगीन व्हायच्या आधी गेलो असतो तर उपेग हुता, सर. आता गेलो तर सासरचं दार बंद, आन् बाच्या दारात परत कोण घेणार तिला? पोरगी मधल्यामधी जाईल." मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "रविवारी काय करता?"

"काही नाही."

"मग चला."

एसटीच्या टपावर खुर्ची टाकली. मलकापूरला उतरून भाताच्या कापलेल्या शेतांच्या बांधावरून आम्ही बरंच चाललो. घर शेवटचं होतं. कौलारू, सारवलेलं, गोठा घराला लागूनच, मध्ये फक्त कुडाची भिंत. घरात दोनच माणसं, सासू आणि सुनंदा. नवरा रत्नागिरीला एका बेकरीत होता, महिन्यातून एकदा यायचा.

सासूबाई अंगणात भात पाखडत होत्या. उंच, काटक, आवाज खणखणीत. "कोण पावणं म्हणायचं?"

"सुनंदाची शाळा," बाई म्हणाल्या.

सूप थांबलं. "शाळा? आन् हितं कशी आली?"

"यष्टीनं." बाईंनी खुर्ची उघडली.

सासूबाईंनी आधी खुर्चीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तिनं सोडली न्हवं शाळा?"

"तिनं शाळा सोडली. शाळेनं तिला सोडली न्हाई."

"गोठ्यात हाय ती. शेण काढतीया. मी काय बोलावणार न्हाई."

"नका बोलवू. मी बसतो."

त्या दिवशी बाईंकडं तपासायला पेपर नव्हते. थोडा वेळ त्या नुसत्या बसल्या. नुसतं बसणं त्यांना जमत नसे. मग पिशवीतून भूमितीचं पुस्तक काढलं आणि वर्गातल्या त्या शुद्ध, मोठ्या आवाजात सुरुवात केली. "दोन त्रिकोण समरूप आहेत असे आपण केव्हा म्हणतो?"

"मला इचारतासा?" सासूबाई म्हणाल्या.

"हितं दुसरं कोण हाय?"

कुडाच्या पलीकडं खराट्याचा आवाज चालला होता, तो थांबला.

पुढं हिवाळाभर आमचे रविवार तिथं गेले. सुनंदा आमच्यासमोर यायची नाही, तिला येऊ दिलं जायचं नाही. आम्ही गेलो की सासूबाई तिला गोठ्यात धाडत. बाई घरात बसून सासूबाईंना भूमिती शिकवत आणि मधूनमधून माझं विज्ञान त्यांना ऐकवत. पाचवीच्या पुढं न शिकलेली सासू प्रकाशाचं परावर्तन ऐकत कांदे चिरायची. माझ्यावर तिचा राग नव्हता. मी थोडक्यात आटपायचो. बाई मात्र सिद्धता पूर्ण झाल्याशिवाय थांबत नसत, आणि कळलं का म्हणून विचारत. गोठा साफ करायला तोवर तिप्पट वेळ लागायला लागला होता, हे सासूबाईंच्या ध्यानात आलं नव्हतं असं मला वाटत नाही.

एका रविवारी चक्रीय चौकोन आला. बाईंनी समजावलं की चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असतात. सासूबाई भाकरी थापत होत्या. "चौकोन वर्तुळात घालायचा कशाला?"

"घालायचा. समोरासमोरच्या कोनांची बेरीज एकशे ऐंशी येते."

"बाहेर काय जागा न्हाई व्हय त्याला?"

"बाहेर ठेवला तर तशी बेरीज यायची खात्री न्हाई."

"न्हाई आली तर कुणाचं काय अडलंय?"

बाईंनी सिद्धता पहिल्यापासून पुन्हा सांगायला घेतली. निम्म्यावर आल्या असतील. सासूबाईंनी हातातलं पीठ परातीत झटकलं आणि कुडाकडं तोंड करून ओरडल्या, "अगं ए सुनंदा, ये बाई हितं! तुझी शाळा हाय, तूच आईक. माझं डोस्कं उठलं!"

सुनंदा आली. हात धुऊन, पदराला पुसत उंबऱ्यावर टेकली. बाईंनी तिची ख्यालीखुशाली विचारली नाही. "समोरासमोरच्या कोनांची बेरीज?" "एकशे ऐंशी." तिनं कोळसा घेतला आणि सारवलेल्या जमिनीवर वर्तुळ काढलं. नुसत्या हातानं काढलं होतं, पण कंपासनं काढल्यासारखं गोल होतं.

निघताना सासूबाईंनी बाईंना दारात गाठलं. "हे कधी थांबायचं?"

"मार्चात परीक्षा हाय. पाठवा तिला."

"पाठवली, आन् पास झाली, की तुम्ही यायचं बंद?"

"बंद."

"आन् नापास झाली तर?"

"तर येणार की."

सुनंदा उंबऱ्यावर बसून जमिनीवरचं वर्तुळ पुसत होती. "पाठवतो," सासूबाई म्हणाल्या.

परीक्षेला त्या स्वतः तिला घेऊन कोल्हापुरात आल्या आणि बाईंच्या दोन खोल्यांत राहिल्या. बाई एकट्याच असत. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे हलवले आणि 'एवढ्या शिकल्यासा आन् मिठाशेजारी साखर ठेवतासा' म्हणून सुनावलं. बाई ऐकून घेत होत्या. परीक्षेच्या दिवसांत त्या कुणाशी भांडत नसत.

जूनमध्ये निकाल लागला. सुनंदा सगळ्या विषयांत पास होती. गणित तेवढं गेलं. बीजगणित बरं होतं, भूमितीत पाच गुण होते.

पाच. बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. गुणपत्रिका समोर होती. "सर, उद्यापासून भूमिती तुम्ही घ्या."

"का?"

"मला येत न्हाई शिकवायला."

मला वाटलं, आठ दिवसांत निवळेल. नाही निवळलं. बाईंनी पुन्हा भूमितीचा तास घेतला नाही. ज्या भूमितीसाठी त्या मुख्याध्यापिका झाल्यावरही तीन वर्ग स्वतःकडं ठेवत, ती त्यांनी माझ्या गळ्यात घातली आणि स्वतः नागरिकशास्त्र घ्यायला लागल्या. त्यांच्या नागरिकशास्त्राच्या तासाला मुलं हसायची. भूमितीच्या तासाला कधी कुणी हसलं नव्हतं.

रविवार मात्र सुरू झाले. ठरल्याप्रमाणं. आता शिकवायचो मी, बाई खुर्चीवर बसून मलकापूरहून आणलेले पेरू कापायच्या. सुनंदाला दिवस गेले होते. मी जे विचारीन ते तिला येत होतं. मला वाटलं मी बरा शिकवतो. ऑक्टोबरच्या परीक्षेत बाकात पोट मावेना म्हणून तिला तिरकं बसावं लागलं. पास झाली.

निकाल सांगायला आम्ही गेलो. सासूबाईंनी गुळाचा खडा ठेवला हातावर. सुनंदानं कागद घेतला, पाहिला आणि गोठ्यात निघून गेली. बराच वेळ आली नाही. बाई म्हणाल्या, "आनंद झालाय पोरीला." मग उठल्या, सासूबाईंना म्हणाल्या, "अक्का, शब्द म्हणजे शब्द," आणि आम्ही एसटीला लागलो. त्यानंतर त्या तिकडं गेल्या नाहीत.

मधली बरीच वर्षं मी इथं सांगत नाही, कारण ती शाळेची वर्षं होती आणि एकासारखी एक होती. नवं शतक लागल्यावर गायरानात शाळेला चार खोल्यांची इमारत मिळाली. बाईंनी पहिल्याच पंधरा ऑगस्टला इतिहासात गोदाम जोडलं, शेवट कोंबड्यांवरच ठेवला. मग त्या निवृत्त झाल्या. शाल घेतली, नारळ घेतला, बोलायला सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "खोल्या झाडून ठेवा," आणि बसल्या.

त्या उन्हाळ्यात सुनंदाचा फोन आला. तिच्या गावात अंगणवाडी होती, ती तिथं सेविका होती. बाई रिटायर झाल्याचं तिला कळलं होतं. "जेवायला या. सरांनाबी आणा."

घर तेच, गोठ्याला आता सिमेंटची भिंत. मुलगी सातवीत, मामाकडं गेली होती. सासूबाई सोप्यात पडून होत्या, त्यांना ऐकू कमी येत होतं. सुनंदानं तांबडा रस्सा केला होता आणि बाई तिसऱ्यांदा भात घेत होत्या. घास घेता घेता त्या म्हणाल्या, "तुझ्या भूमितीचं तेवढं राहिलं बघ मनात. माझंच चुकलं कुठंतरी. पाच मार्क म्हणजे काय गं!"

सुनंदा वाढता वाढता थांबली. "बाई, तो पेपर मी कोरा दिलेला."

"कोरा?"

"पहिला प्रश्न सोडवला. मग पुढचं सगळं वाचलं. सगळं येत हुतं. मग पेन खाली ठेवला."

बाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

"तुम्ही आत्तींस्नी सांगिटलं हुतं," सुनंदा म्हणाली, "पास झाली की यायचं बंद. नव्या गावात माझ्याकडं येणारं दुसरं कोण हुतं, बाई? आई-बा लगीन लावून गेले ते वरीसभर आले न्हाईत. ह्यांची सुट्टी महिन्यातनं एकदा. रविवारी तुमचा आवाज कुडातनं यायचा, ती एक गोष्ट हुती. ऑक्टोबरला म्हटलं, आता पोर व्हायचंय, किती दिवस तुमास्नी पळवायचं."

"एवढं वाटत हुतं तर लगीन मोडायला मी आलो हुतो तवा बोलली का न्हाईस?"

"लगीन मला करायचंच हुतं."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी भाताकडं पाहिलं.

"त्या खोलीत पाच भावंडांचं मी करत हुतो. हितं दोन माणसं. मला तवा तेवढंच कळत हुतं. आता मी माझी पोरगी देणार न्हाई, पण तवा मला जायचं हुतं. तुम्ही मधोमध खुर्ची टाकलीसा, मला चुलीकडं जायला वाट न्हवती, तरी तुम्ही आमच्या बाशीच बोलत हुतासा. मला इचारलंच न्हाईसा. आत्तींस्नीबी इचारलंसा, मला न्हाई."

हे सगळं ती शांतपणे बोलली, तक्रार केल्यासारखं नाही. सोप्यातून सासूबाईंनी ओरडून विचारलं, "रस्सा कमी पडला काय?" सुनंदा तितक्याच मोठ्यानं म्हणाली, "न्हाई!"

बाई म्हणाल्या, "इचारायला पायजे हुतं." उरलेला भात संपवला, हात धुतला, आणि दारात चपला घालताना पुन्हा आत वळल्या. "मग आता इचारतो. आता रविवारी मला काय काम नसतंय. आलो तर चालंल?"

"या की," सुनंदा म्हणाली. आणि तिनं तोंड फिरवलं.

परतीच्या एसटीत बाई खिडकीशी बसल्या होत्या. मला वाटलं वाईट वाटून घेतलंय. बांबवड्याला गाडी थांबली, माणसं उतरली, नवी चढली. गाडी हलली तशा त्या माझ्याकडं वळल्या.

"सर, तिला येत हुतं."

"हो."

"सगळं येत हुतं म्हणाली न्हवं?"

"सगळं म्हणाली."

बाईंनी चष्मा काढला, पदरानं डोळे पुसले, मग चष्मा पुसला, आणि चष्मा लावून माझ्याकडं नीट पाहिलं.

"म्हणजे एवढी वर्षं," त्या म्हणाल्या, "पोरं उगीचच तुमच्याकडनं भूमिती शिकली."